देवाच्या बोकडाच्या गळ्यातला पट्टा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कारणंही आयती सापडत गेली. कधी भातलावणी असायची, कधी घरात पाहुणे असायचे, आणि पुष्कळदा ज्याला सांगायची तोच समोर बसून चहा पीत असायचा. आता तो नाही. माझ्या गुडघ्यांनीही वर वाड्यावर चढायला साफ नकार दिला आहे. तेव्हा कागदावर तरी सांगून टाकतो. वरच्या धनगरवाड्यावर त्या वर्षी देवापुढं बोकडानं अंग झाडलं नाही, त्यात माझ्या मित्राचा काही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि माझ्याजवळच्या डास पळवायच्या पट्ट्याचा.

भोरला माझं रेडिओ आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. हात थरथरायला लागले, कथलाचा डाग एकीकडं द्यायचा तो दुसरीकडं पडायला लागला, तेव्हा दुकान बंद करून मी हिर्डोशीला घरी येऊन राहिलो. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. घरात मी, एक टीव्ही आणि उघडून ठेवलेले तीन-चार रेडिओ. नवीन काही वस्तू हातात आली की ती उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, हा माझा जुना रोग. पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तोच.

पाऊस ओसरला की आमच्याकडं मुरकुटं निघतात. ज्यांनी ती पाहिली नाहीत त्यांना सांगतो. डास निदान कानाशी गुणगुणून येतो, म्हणजे येतोय हे कळतं. मुरकुट तिळाएवढं, दिसतही नाही. कानाच्या पाळीला, पापणीला, मानेच्या वळीला डसतं आणि आपण स्वतःला थापडा मारत राहतो. त्यांच्या जोडीला गुरांमागच्या गोमाश्या, आणि गवतात पाय ठेवला की जळवा. इतकी वर्षं बाजारपेठेत काढल्यामुळं माझं रक्त गोड झालं असावं. ओट्यावर दहा जण बसलेले असले तरी सगळी पंगत माझ्याच अंगावर बसायची.

मुलीचा रोज संध्याकाळी फोन यायचा. मी जेवलो का हे ती विचारायची आणि मी तिला कुठं कुठं चावलं ते सांगायचो. शेवटी कंटाळून तिनं एका ओळखीच्या माणसाबरोबर एसटीनं खोकं पाठवलं. त्यात मनगटात घालायचे रंगीत रबरी पट्टे होते, कपड्यांवर चिकटवायच्या गोल टिकल्या होत्या, खिशाला अडकवायचा एक चिमटा होता आणि अंगावर फिरवायची एक कांडी होती. सगळ्याला गवती चहाचा वास. खोक्यावरची बारीक अक्षरं मी डाग देताना लावायच्या भिंगातून सगळी वाचून काढली. हेही लिहून ठेवतो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नको आहे.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मनगटांत आणि दोन्ही घोट्यांवर पट्टे घातले, टोपीवर नि सदऱ्यावर टिकल्या चिकटवल्या, खिशाला चिमटा लावला आणि मित्राकडं वाड्यावर निघालो.

हा मित्र माझा लहानपणापासूनचा. त्याचं घर वर डोंगराच्या सपाटीवर, आमच्या घरापासून तासाभराची चढण. चार म्हशी, शेळ्यांचा कळप, आणि खांद्यावर एक घोंगडी. त्या घोंगडीला धूर, म्हशी आणि कित्येक पावसाळे यांचा असा काही वास होता की मुरकुटंच काय, एसटीत शेजारी माणूसही बसत नसे. तो रोज सकाळी दूध घेऊन खाली उतरायचा आणि परतताना माझ्या ओट्यावर टेकायचा.

मला तसा नटलेला बघून वहिनी, म्हणजे त्याची बायको, चुलीजवळून उठून बाहेर आल्या. पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, नवरदेव हायसा का पोळ्याचा बैल?"

मित्रानं माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून हुंगलं आणि निकाल दिला, "वास बरा हाय. ह्याला उकळून प्यावं का?"

खरं सांगायचं तर पट्ट्यांचा उपयोग पट्ट्यापुरताच होता. मनगटाला मुरकुट शिवायचं नाही, चार बोटं वर कोपराकडं मात्र जत्रा भरायची. कांडीचा गुण चांगला येई, पण ती सारखी फिरवावी लागे. हे मी कुणाला कबूल केलं नाही. पुण्याहून आलेली वस्तू फुकट गेली असं म्हणणं माझ्या जिवावर आलं, म्हणून मी कोपर खाजवत पट्ट्यांची तारीफ करत राहिलो.

आता बोकडाची गोष्ट. मित्राची मुलगी वेल्ह्याकडं दिलेली, विंझरच्या पुढं. तिचं पहिलं बाळंतपण फार अवघड गेलं. पुण्याला हलवावं लागलं, आणि त्या दिवसांत मित्र माझ्या ओट्यावर येऊन नुसता बसून राहायचा. तो देवाला नवस बोलला. पोर आणि बाळ सुखरूप घरी आली तर एक बोकड देवाच्या नावानं डोंगरात मोकळा सोडीन, आणि मी तंबाखू सोडीन. दोघं सुखरूप आली. तंबाखू सोडल्याचं त्यानं सगळ्यांना सांगितलं. वहिनींनी चुना-तंबाखूची डबी आपल्या हातानं ओढ्यात फेकली.

मग तो माझ्या ओट्यावर रोज कशाला टेकायचा? तर माझ्या घरातल्या एका मेलेल्या रेडिओच्या पोटात तंबाखूची पुडी असायची. भोरच्या बाजारातून ती मीच आणायचो. तो म्हणायचा, "जरा बातम्या लाव." मी रेडिओ पुढं सरकवायचो. तो चिमूटभर मळायचा, गालात धरायचा आणि डोंगराकडं बघत बसायचा. नवसाचं काय, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला की तो सोडतोच आहे, फक्त हळूहळू.

सोडायचा बोकड त्यानं कळपातूनच निवडला होता. पांढरा, एक कान काळा, आणि स्वभावानं अगदी माझ्यासारखा, म्हणजे दिसेल त्यात तोंड घालणारा. देवाच्या नावानं राखलेला म्हणून त्याला कुणी मारायचं नाही, साधं हिडीसफिडीसही करायचं नाही. मित्र त्याला हातानं पाला भरवायचा.

दसरा झाला की भातकापणीच्या आधी वाड्यावर देवाचा दिवस असतो. सोडायच्या बोकडाला अंघोळ घालून, हार घालून देवाच्या ठाण्यापुढं उभा करतात. त्याच्या पाठीवर तांब्यानं पाणी घालतात आणि वाट बघतात. बोकडानं अंग झाडलं की देवानं तो घेतला. न झाडलं तर नवस फेडणाऱ्याच्या मनात काही खोट आहे. हा पाण्याचा तांब्या धरायचा मान माझ्या मित्राच्या घराण्याचा. त्याच्या बापाचा, आज्याचा, त्याही आधीपासूनचा. वाड्यावर कुणाकडं मोठं घर नाही की गाडी नाही. मोठेपणा असेल तो एवढाच, की त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं तांब्या कुणाच्या हातात.

त्या सकाळी मी लवकर वर गेलो. बोकडाला अंघोळ झाली होती, गळ्यात झेंडूचा दाट हार होता आणि तो गोठ्याच्या कडेला एकटा बांधलेला होता. त्याच्या काळ्या कानाला काटेरी तारेनं ओरखडा पडला होता आणि त्यावर माश्या बसत होत्या. मुरकुटांनी डोळ्यांभोवती ठाण मांडलं होतं. बिचारा मान झटकून झटकून दमला होता. घरातली सगळी विंझरकडच्या व्याह्यांच्या चहापाण्यात गुंतली होती. ते टेम्पो करून आले होते.

वाड्यावरचा नियम मला माहीत होता. अंघोळ घातल्यावर देवाच्या बोकडाला माणसाच्या अंगावरची वापरलेली वस्तू लागू द्यायची नाही. आणि खोक्यावरच्या बारीक अक्षरांत, जनावरांवर वापरू नये, असंही होतं. दोन्हीकडची मनाई मला तोंडपाठ होती. पण ते जनावर माझ्याकडं असं बघत होतं, आणि माझ्या खिशात इलाज होता. मी माझ्या मनगटातले दोन पट्टे काढले, एकात एक अडकवून त्याच्या गळ्यात बांधले आणि वर झेंडूचा हार सारखा केला. मग कांडी काढली. कानामागून सुरुवात केली, मान, खांदे, पाठीचा कणा, पार शेपटीपर्यंत. कांडी संपेपर्यंत फिरवली. केस चपचपीत झाले. माश्या उठल्या त्या परत बसल्या नाहीत. बोकडानं एक लांब श्वास सोडला आणि डोळे मिटले. इतक्या वर्षांत कुठलाही रेडिओ दुरुस्त करून मला एवढं समाधान झालं नव्हतं.

बोकड ठाण्यापुढं आला. भगतांनी भंडारा उधळला. वाड्यावरची, खालच्या गावातली, विंझरची अशी माणसं गोल उभी राहिली. मित्रानं नवा फेटा बांधला होता. त्यानं तांब्या कपाळाला लावला आणि बोकडाच्या पाठीवर पाणी सोडलं.

पाणी त्या तेलकट केसांवरून असं घरंगळलं, जसं अळूच्या पानावरून जातं. बोकड उभाच. थंडीचा काटा नाही, माशीचा चावा नाही. तो रवंथ करत होता.

दुसरा तांब्या झाला, तिसरा झाला. बायका कुजबुजायला लागल्या. इतर वर्षी पहिल्याच तांब्याला बोकड अंग झाडतो, कारण पाठीवर पाणी आणि कानात माशी असल्यावर कोण झाडणार नाही. भगत मोठ्यानं म्हणाले की घरात कुणाची काही चूक-भूल असेल तर देवापुढं बोलून मोकळं व्हावं. वहिनींनी नाक घासून सांगितलं की त्यांनी एकदा उपासाच्या दिवशी चुकून भाकरीचा तुकडा तोंडात टाकला होता. बोकड ढिम्म. व्याही पुढं झाले आणि म्हणाले की सुनेला माहेरी पाठवायला आपण उशीर केला, त्याची माफी. बोकडानं त्यांच्या धोतराचा वास घेतला.

तोवर मला सगळं कळलं होतं. मी पाया पडायच्या मिषानं पुढं सरकलो, बोकडाच्या गळ्याशी वाकलो, हाराखाली हात घातला. पट्टा बोटाला लागला. त्या क्षणी मी तोंड उघडून चार शब्द बोललो असतो तर सगळी माणसं हसली असती, मला शिव्या घातल्या असत्या, बोकडाला पुन्हा अंघोळ घातली असती आणि विषय संपला असता. मी आधी पट्टा सोडवायला गेलो. गाठ निघेना. मीच बांधलेली.

मी तिथं वाकलेला असतानाच माझ्या डोक्यावरून मित्राचा आवाज आला.

"खोट माझी हाय. म्या तंबाखू सोडली न्हाई. देवाला सोडली म्हणून सांगितलं, पोरीच्या जिवावर सांगितलं, अन् रोज खातुया."

मी खाली मान घालून पट्टा ओढला, तो तुटला, मुठीत आला. तंबाखू कुठून येते हे त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी उठताना उपरण्यानं बोकडाची पाठ खसाखसा पुसली, लोकांना वाटलं मी देवाच्या बोकडाला कुरवाळतोय. भगतांनी मित्राच्या हातातून तांब्या घेतला आणि स्वतः पाणी ओतलं, थेट कानांवरून. बोकडानं असं काही अंग झाडलं की पुढच्या रांगेतली सगळी माणसं भिजली. लोकांनी देवाचा जयजयकार केला. माझ्या मित्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मूठ धोतराच्या घडीत लपवून उभा होतो.

बोकड सुटला, डोंगरावर गेला, पुढं बरीच वर्षं सगळ्यांच्या नाचणीत तोंड घालत सुखानं जगला. मित्राचा मान मात्र गेला. त्याच संध्याकाळी वाड्यावरची मंडळी बसली. देवाशी खोटं बोललेल्या हातात पाण्याचा तांब्या राहू नये असं ठरलं आणि तो मान त्याच्या चुलतभावाला दिला. चुलतभावानं फार दुःखी चेहरा करून तो घेतला. पण त्याच रात्री त्यानं नव्या फेट्याची चौकशी केली, हे वहिनींनीच मला पुढं सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी जाऊन सांगायचं. मी गेलो. खरंच गेलो, तुटलेला पट्टा खिशात घालून. मित्र म्हशीला पाणी दाखवत होता. मी घसा साफ केला, आणि तोच बोलायला लागला. म्हणाला की रात्रभर त्याला झोप नव्हती, पण दुःखानं नाही. एवढ्या मोठ्या डोंगरात, एवढ्या माणसांत, देवानं नेमकं त्याच्या गालातली चिमूट बघितली. म्हणजे देवाचं आपल्याकडं लक्ष आहे. पोर वाचली तेव्हाही त्याला एवढं पटलं नव्हतं.

"आपल्यासारक्याकडं कोण बघतंय, असं वाटायचं मला," तो म्हणाला. "पर बघतुया त्यो."

आता सांगा, यावर मी खिशातून रबराचा तुकडा काढून काय दाखवणार होतो? मी म्हशीची चौकशी केली आणि उतरलो.

तंबाखू त्यानं त्या दिवसापासून खरोखरच सोडली. माझ्या ओट्यावर तरीही टेकायचा. मेलेल्या रेडिओतली पुडी तशीच वाळून भुगा झाली. एकदा भोरहून येताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो, म्हणजे त्याच्या शेजारी बसायला मीच तयार असायचो, तेव्हा मी पुन्हा विषय काढला. बोकडाच्या अंगाला काही लागलं असेल तर तो अंग झाडत नसेल का, असं आडून विचारलं. तो हसला. म्हणाला, "तुला हरेक गोष्ट उघडून बघायची सवयच हाय. देवाला तरी पेचकस लावू नगो."

मी गप्प बसलो. गप्प बसणं मला सोयीचं होतं, हेही इथं लिहितो. त्याचा विश्वास मोडायचा नव्हता, हे खरं. पण वाड्यावरच्या पंचवीस माणसांसमोर आपली फजिती नको होती, हे त्याहून खरं. त्याच्या विश्वासाच्या आड मी माझी लाज दडवून ठेवली, आणि दर दसऱ्यानंतर तो गर्दीत मागं उभा राहून दुसऱ्याच्या हातातला तांब्या बघायचा तेव्हा मी मुरकुटं मारायच्या निमित्तानं दुसरीकडं बघायचो.

गेल्या हिवाळ्यात तो अंथरुणाला लागला. दम लागायचा, चालवेना. मी काठी घेऊन, दर वळणावर बसत, एकदाचा वर पोचलो. वाटेत सगळं भाषण पाठ केलं होतं. घरात वहिनी होत्या आणि त्याचा मुलगा होता. हा मुलगा आता चाळिशीचा, बापासारखाच शांत. मित्रानं मला उशाशी बसवलं. बोलायला त्याला त्रास होत होता, तरी मुलाला म्हणाला, "ह्यो होता त्या दिवशी. बोकडाच्या अगदी जवळ होता. त्यानं बघितलंय. " मग माझ्याकडं वळून म्हणाला, "सांग रं ह्याला, कसं अंग झाडलं."

आणि मी सांगितलं. बोकडानं कसं अंग झाडलं, पुढची रांग कशी भिजली, व्याह्यांचा फेटा कसा टपटपत होता, सगळं रंगवून सांगितलं. मित्र डोळे मिटून ऐकत होता आणि हसत होता. जे सांगायला चढण चढून गेलो होतो ते सोडून बाकी सगळं मी सांगितलं. उतरताना ठरवलं, की चार दिवसांनी तो एकटा असेल तेव्हा परत जाऊ. चार दिवसांनी मी गेलो ते इतर माणसांबरोबर, खांदा द्यायला. तेवढंही माझ्या गुडघ्यांनी पुरतं जमू दिलं नाही.

यंदा वाड्यावर पुन्हा पाण्याच्या मानाचा विषय निघाला आहे. चुलतभाऊ म्हातारा झाला, त्याची मुलं पुण्याला असतात. कुणी मित्राच्या मुलाचं नाव काढलं तर जुनी माणसं त्या दिवसाची आठवण देतात आणि मुलगा मान खाली घालतो. म्हणून हे लिहिलं. हे वाड्यावर वाचून दाखवावं, असं मी त्या मुलाला सांगणार आहे. तंबाखू त्याच्या बापानं खाल्ली, हे खरं. ती मी पुरवली, हेही खरं. पण बोकडानं अंग झाडलं नाही ते माझ्यामुळं, आणि तांब्या त्या घरातून गेला तोही माझ्यामुळं.

राहिलं ते मित्राला सांगायचं. त्या चढणीवर, काठीवर भार देत, मी ते असं पाठ केलं होतं:

"गड्या, मला माफ कर. त्या दिवशी तुझ्या बोकडाच्या गळ्यात माझा पट्टा होता आणि पाठीवर माझं औषध होतं. तू सगळ्यांच्या पुढं उभा राहून खरं बोलत होतास, तेव्हा मी तुझ्या पायाशी वाकून गाठ सोडवत होतो. मी आधी बोलायला पाहिजे होतं."